अकरा आणि बाराच्या मधला आवाज

जे. पी. नगर, बेंगळूर
सोमवार, मे १९९८

ती. विलासअण्णांना यशोवर्धनचा वाकून नमस्कार.

आधी कबुली देतो, मग खुशाली. गेल्या बुधवारी मॅचच्या शेवटच्या ओव्हरी चालू असताना आमच्या अख्ख्या रस्त्याची केबल तुटली. ती तुटली नाही. मी कापली. पक्कडीने, आमच्याच गच्चीवरून. रस्त्यावर याबद्दल खारीवर, वाऱ्यावर आणि शेजारच्या फेजच्या (तुमच्याकडे पेठ, आमच्याकडे फेज) केबलवाल्यावर संशय घेऊन झाला, माझ्यावर अजून कुणी घेतलेला नाही (ज्या दोन-तीन जणांना कळलं त्यांचं पुढे येईल), आणि ही गेल्या कित्येक वर्षांतली पहिली गोष्ट आहे जी झाली आणि माझं नाव निघालं नाही. त्याचंच जरा कसंसं वाटतंय.

पत्राची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं. पण मी मराठी लिहायला शिकलो ते तुम्ही वरच्या खोलीत सोडून गेलेल्या दिवाळी अंकांवरून. त्यामुळे मधेच कुठे केसांच्या तेलाच्या जाहिरातीसारखं वाटलं तर स्वल्प अडजस्ट करा.

आता खुशाली. काकांचं ऑपरेशन नीट झालं ना? पथ्य पाळतात, की तुमच्यासारखंच समोर "हो हो" आणि मागून बटाटेवडा? काकूंना नमस्कार सांगा. इकडे आई बरी, अप्पा बरे, पाणी एक दिवसाआड. मी पी.यू.सी.ला, म्हणजे तुमच्या बारावीला, परत बसलोय (बसलोय म्हणजे नाव घातलंय). तुम्ही पुण्याला बदली घेऊन गेल्यापासून तुमच्या खोलीत दुसरा भाडेकरू ठेवला नाही. आई म्हणते माणूस बघून देऊ, आणि आलेल्या प्रत्येक माणसात तिला काहीतरी खोट दिसते. परवाच्याचे पाय फार मोठे होते. तुमची छत्री दाराच्या मागे होती तशीच लटकून आहे. खरं तर हे पत्र त्या छत्रीबद्दल आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला दोन-तीन पानं लागतील.

अक्काही बरी. (भाग्यलक्ष्मीअक्का. माझी मोठी बहीण. तुम्हाला आठवत असेल. जयनगरला चष्म्याच्या दुकानात असते, तुम्ही एक-दोनदा गेला असाल.) तिला बघायला येत्या रविवारी हेब्बाळहून माणसं येणार आहेत. मुलाचं नाव देवव्रत. चांगला आहे म्हणतात. डोळे तर असे की हेब्बाळच्या तळ्याच्या या काठावर उभं राहून त्या काठावरचा बगळा नर की मादी ते सांगतो, असं त्याचा मामा सांगून गेला. म्हणजे या माणसाला जन्मात कधी चष्म्याच्या दुकानाची पायरी चढायला नको. अप्पांना स्थळ पसंत, आईला पसंत. अक्काला विचारलं तर ती म्हणाली, "तुमची मर्जी." आमच्या घरात ओरडून नाही म्हटलं नाही म्हणजे हो. ती ओरडत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. ओरडायचं खातं माझ्याकडे आहे.

तर आता केबल. आमचा केबलवाला गुंडोअण्णा तुम्ही पाहिलाय, पोट पुढे आणि शिडी मागे. त्याने संक्रांतीला सेकंडहँड बाजारातून एक डबा आणला. डब्याला माईक. माईकचं बटण दाबलं की गुंडोअण्णाचा आवाज सगळ्या चॅनलांवर एकदम: उद्या करंट जाणार, परवा पाणी नाही, कुणाची तरी म्हैस सापडलीय. बटण परत वर केलं की बंद. निदान गुंडोअण्णाला तसं वाटत होतं. खरी गोष्ट अशी की त्या डब्यात बंद हा प्रकारच नव्हता. बटण वर केलं की आवाज सगळ्या चॅनलांवरून निघायचा आणि शेवटी जिथे काहीच दिसत नाही अशा एका रिकाम्या जागेवर जाऊन बसायचा. नळाची चावी फिरवली, पाणी मोरीतलं थांबलं, पण मागच्या अंगणात धो धो चालूच, असं. केबलच्या ऑफिसात जे कोण जे काय बोलेल, ते दिवसभर तारेतून घराघरात येत होतं.

मग लोकांना कसं कळलं नाही, असं तुम्ही कॉम्प्युटरवाले लगेच विचाराल. कारण लोकांकडे नवे रिमोटवाले टीव्ही. जिथे चित्र नाही तिथे तो टीव्ही निळा होतो आणि तोंड मिटून बसतो. आमचा तुम्हाला माहितीय, शटरवाला, लाकडी, अप्पांच्या लग्नाइतकाच थकलेला. त्याचं चॅनलचं बटण मी लहानपणी मोडलं (ती वेगळी कबुली), तेव्हापासून आतली दांडी पक्कडीने फिरवायची. फेब्रुवारीत एकदा अकराचा बारा करताना पक्कड घसरली, दांडी मधेच अडकली, पडद्यावर नुसत्या मुंग्या, आणि मुंग्यांच्या आतून कुणीतरी स्पष्ट म्हणालं की आमच्या रस्त्यावरचा मालोजीमामा महाकंजूष माणूस आहे. मी टीव्हीच्या मागे जाऊन बघितलं. मग आवाज ओळखला. गुंडोअण्णा होता.

अण्णा, तुम्ही असता तर तुम्ही काय केलं असतं? तुम्ही चांगले आहात, तुम्ही जाऊन त्याला सांगितलं असतं. मी ज्योतिषी झालो.

होय. आमच्या कट्ट्यावर होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली बसायचं, समोरच्याला घरून पेलाभर ताक आणायला सांगायचं, ताकात टक लावून बघायचं आणि त्याच्या मनातलं सांगायचं. ताकच का, तर मे महिना जवळ येत होता आणि बघून झाल्यावर ते मी प्यायचो. केबलच्या ऑफिसात पंखा आहे, बाक आहे, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आठवड्यातून एकदा तिथे जाऊन मन मोकळं करून येतो. दुपारी ते माझ्या कानात, संध्याकाळी ताकात. भीमाचार्य, देवळातले, जे सगळ्यांना सांगतात की टीव्हीने संस्कृती बुडाली, ते दर गुरुवारी गुंडोअण्णाकडे येऊन परदेशी कुस्ती किती वाजता आहे ते विचारतात आणि आतल्या खोलीत बसून बघतात. मी ताकात बघून त्यांना सांगितलं, आचार्य, दोन धिप्पाड माणसं दिसतात, अंगावर फक्त चड्डी, एकाची मान दुसऱ्याच्या काखेत. आचार्यांचा चेहरा ताकापेक्षा पांढरा झाला. मग म्हणाले, हे भीम आणि जरासंधाचं दर्शन आहे, कुणाला मिळत नाही, आणि तूही कुणाला सांगू नकोस. वर देवळातला नारळ दिला.

मालोजीमामांचं जरा अंगाशी आलं. मामांनी गुंडोअण्णाशी गुपचूप ठरवलं होतं की रोज मामींची सीरियल लागली की त्यांच्या घरची वायर थोडी ढिली करायची, म्हणजे मामी उठतील आणि जेवण गरम मिळेल. मामी बिचाऱ्या ताक घेऊन माझ्याकडे आल्या, बाबा बघ, रोज त्याच वेळेला का जातं. मी सांगितलं, दोष तारेत नाही, दोष तुमच्यासमोर भुकेला बसलेला आहे. मला वाटलं हे गोलगोल आहे, कळणार नाही. मामी उठल्या त्या सरळ घरी गेल्या. तेव्हापासून त्यांची केबल, हा बुधवार सोडला तर, एकदाही गेली नाही, आणि मामा थंड चपाती खाताना खिडकीतून माझ्याकडे असे बघतात की मी त्या बाजूने जात नाही.

पण नाव झालं बघा. आई चार लोकांत सांगायला लागली की येशाला काहीतरी दिसतं. अप्पा म्हणाले, चला, एका विषयात तरी पास झाला.

एकटी अक्का फसली नाही. एक दिवस तिने माझ्यासमोर पेला ठेवला आणि म्हणाली, "माझं काय दिसतं?" मी पुष्कळ बघितलं. ती कधी केबलच्या ऑफिसात जायची नाही, कुणाशी काही बोलायची नाही, तिचं मला काय दिसणार? मी म्हटलं, "लोणी." तिने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि आत गेली. हसली नाही मात्र. तुम्ही गेल्यापासून ती तशी कमीच हसते. (हे सहज लिहिलं.)

आता तो बुधवार. अप्पा ऑफिसात, आई शेजारी मॅच बघायला, कारण तिथे रंग जास्त लाल दिसतात. घरात मी एकटा. दोन ओव्हरींच्या मधे जाहिराती लागल्या तसा मी पक्कड घेतली आणि दांडी अकरा-बाराच्या मधे नेली, कारण मॅचच्या दिवशी गुंडोअण्णा बॅट्समनना ज्या शिव्या देतो त्या ऐकण्यासारख्या असतात. पण शिव्या नव्हत्या. गुंडोअण्णा अँटेना बघायला गच्चीवर गेलेला, आणि ऑफिसात त्याची मुलगी रम्या बसलेली. रम्या म्हणजे अक्काची शाळेपासूनची मैत्रीण. आणि तिच्यासमोर, तुम्ही विश्वास ठेवा, अक्का. हाफ डे घेऊन रम्याचा ब्लाउज परत द्यायला गेली होती. दोघी त्यांच्या नेहमीच्या अर्ध्या कन्नड अर्ध्या मराठीत बोलत होत्या. रम्याने हेब्बाळचं विचारलं. पंख्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं अक्का उठून गेली. आणि मग ती बोलली. मी तेव्हापासून मनात इतक्यांदा म्हटलंय की मला पाठ झालंय.

"दर शनिवारी तोच स्क्रू," अक्का म्हणाली. "डाव्या काडीचा. मी इतका घट्ट करून द्यायची की हातोडीने निघणार नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा ढिला. मला काय कळत नव्हतं? दीड वर्ष, रम्या. आणि स्क्रूच्या पुढे एक शब्द नाही. एक शब्द बोलला असता तर हेब्बाळच्या लोकांना मी पायरीवरूनच परत पाठवलं असतं. आता कुणासाठी नाही म्हणू, स्क्रूसाठी?"

कुणाचा स्क्रू ते ती बोलली नाही. मीही कुणाचं नाव घेत नाही. बेंगळुरात चष्मेवाले पुष्कळ आहेत. तुम्हालाही चष्मा आहे, ती वेगळी गोष्ट.

आधी मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, उद्या ताकात स्क्रूड्रायव्हर दाखवू. मग एकदम गंगव्वा आठवली आणि हसू पळालं. मागच्या गल्लीतली गंगव्वा. तिच्याकडेही आमच्यासारखाच शटरवाला टीव्ही आहे. गुडघ्यांमुळे ती घराबाहेर पडत नाही, पण जे. पी. नगरात काय चाललंय ते कळायला लोक तिच्या खिडकीशी जातात. तिच्या भाचीला दिलंय कुठे, तर हेब्बाळला. ती जर त्या क्षणी अकरा-बाराच्या मधे असेल, तर संध्याकाळच्या आत ही गोष्ट तळ्याच्या दोन्ही काठांवर. आणि अक्का अजून बोलतच होती. आता ती नाव घेणार असं मला वाटलं. ऑफिस दोन क्रॉस, म्हणजे दोन गल्ल्या, पलीकडे, धावत जाऊन तोंडावर हात ठेवायला वेळ नाही. पण गुंडोअण्णाची मेन वायर आमच्या गच्चीवरून जाते. पक्कड हातातच होती. मी जिना चढलो आणि कापली.

आणि अण्णा, अख्खा रस्ता ओरडला. जे लोक एकमेकांना "ऊटा आयता" म्हणजे जेवलात का याच्यापुढे काही विचारत नाहीत, ते एकमेकांच्या गळ्यात पडून विचारत होते की काय झालं, किती हवे होते, कोण खेळत होतं. भीमाचार्यही बाहेर आले आणि "किती राहिले?" म्हणाले. लोक बघायला लागले तसे म्हणाले, मी नारळांचं विचारलं. मी गच्चीवर टाकीच्या मागे बसून होतो. मॅचचं काय झालं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि विचारायची हिंमत नाही.

संध्याकाळी अक्का घरी आली. टीव्ही तसाच चालू, पडद्यावर मुंग्या, दांडी मधे अडकलेली, पक्कड जागेवर नाही. तिने दांडीवर बोट ठेवून बघितलं. मग वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली आणि खाली आली ती कपडे आणि पक्कड घेऊन. पक्कड तिने टीव्हीवर ठेवली, नेहमीच्या जागी. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी गुंडोअण्णाने तार जोडून घेतली, दोन माणसं आणि एक बांबू जमवला आणि शेजारच्या फेजच्या केबलवाल्याकडे जायला निघाला. तो केबलवाला गरीब माणूस आहे, त्याची स्वतःचीच वायर धड नाही. त्याला बांबू खायला लावणं मला जमेना. मी आडवा गेलो आणि सगळं सांगून टाकलं: डबा, माईक, मुंग्या, पक्कड. का कापली एवढंच सांगितलं नाही. म्हटलं, तेव्हा ऑफिसात असं काही बोलणं चाललं होतं की रस्त्याने ऐकू नये. गुंडोअण्णाला वाटलं त्याच्याबद्दलच. तो बाकावर बसला. कधीपासून, विचारलं. संक्रांतीपासून, म्हटलं. मग तो वर पंख्याकडे बघत राहिला आणि संक्रांतीपासून आपण त्या खोलीत काय काय बोललो ते त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून दिसायला लागलं. सासूबद्दल, गिऱ्हाइकांबद्दल, आणि सॅटेलाइटमधे बिघाड म्हणून जेवायला घरी जातो त्याबद्दल. मागे रम्या उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला मात्र कळलं होतं मी कुणासाठी कापली. तिने हळूच माईकची वायर उपटून टेबलावर ठेवली. झालं. एवढंच करायचं होतं त्या डब्याला.

"येशा," गुंडोअण्णा शेवटी म्हणाला, "मी काय बोललो ते तू विसर. तू काय कापलं ते मी विसरतो. सरी?"

"सरी," मी म्हटलं.

तरी त्याचा भरवसा नाही बसला. संध्याकाळी तो स्वतःच्या घरचा रिमोटवाला टीव्ही डोक्यावर घेऊन आमच्या दारात हजर. अप्पांना म्हणाला, जुनं गिऱ्हाईक, प्रेमाने देतोय. आमचा शटरवाला घेऊन गेला. अप्पांना वाटतं ही ताकाची कृपा. नव्या टीव्हीत अकरानंतर बारा येतो, मधे काही नाही. पक्कड आता नुसती पडून असते, मला तिच्याकडे बघवत नाही.

राहिली गंगव्वा. तिने काय ऐकलं ते कळल्याशिवाय मला जेवण जाईना. आईकडून चटणीपूड मागून घेतली आणि निमित्त करून गेलो. अण्णा, ती सगळं ऐकत होती. संक्रांतीपासून. पण तिला वाटत होतं ती सीरियल आहे! टीव्हीची ट्यूब गेली म्हणून चित्र दिसत नाही, बाकी सीरियल फार छान, असं तिने मला सांगितलं. आवाज त्या खरखरीतून भजी तळल्यासारखा येतो, नावं तर त्यात तळूनच जातात, त्यामुळे तिने कुणालाच ओळखलं नाही. सगळ्यांवर ओरडणारा जाड्या, कुस्तीवेडा आचारी (पुजाऱ्याला ती आचारी समजली), बायकोची सीरियल बंद पाडणारा नवरा, सगळे तिला आवडतात. नवऱ्यावर तिचा राग आहे. पण आता कुठे खरी गोष्ट सुरू झाली होती, म्हणाली, आणि नेमकी तेव्हाच तार गेली. तेव्हापासून नुसती खरखर.

"येशप्पा, तू हुशार पोरगा," तिने माझा हात धरला. "ती चष्म्याची पोरगी. आवाज कसा भरून आला होता तिचा. तो मुलगा आला का रे परत? नाही आला तर मी हा टीव्ही भंगारात देते. देवाची आण."

मी म्हटलं, गंगव्वा, अजून दाखवलं नाही. गुंडोअण्णा तिच्याकडेही रिमोटवाला घेऊन गेला होता, पण तिने घेतला नाही. तिची सीरियल फक्त तिच्याच टीव्हीवर लागते ना. शटर उघडून, खरखर लावून ती बसलेली असते. येता-जाता मला खिडकीतून हाक मारते, दाखवलं का? मी रोज नाही म्हणतो. खोटं बोलायची मला सवय आहे, पण हे खरं आहे आणि बोलताना जास्त त्रास होतो.

आणि काल, रविवारी, मी कट्ट्यावर बसलो होतो (धंदा बंद केलाय, नुसता बसलो होतो), तर अक्का आली आणि माझ्यासमोर पेला ठेवला. परत तेच. माझं काय दिसतं. मी ताकात बघितलं. अण्णा, खरंच सांगतो, पहिल्यांदा मला तिथे काहीतरी बघावंसं वाटलं. मी म्हटलं, "पुण्याहून येणारी गाडी." तिने पेला उचलला, ताक स्वतःच पिऊन टाकलं, आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." पण आत जाताना ती पायऱ्या उड्या मारत चढली. मी मोजल्या नाहीत, पण मधल्या काही तिने गाळल्या.

तर आता छत्री. जूनमधे तुमच्याकडे पाऊस लागेल आणि छत्री इकडे. छत्री माणसाजवळ असावी. पार्सल करता येत नाही, पोस्टात लांब वस्तू घेत नाहीत (मी विचारलं नाही, पण घेत नसणार). मुद्दाम पाकिटातून लिहितोय, पोस्टकार्डावर नाही, कारण ज्या गोष्टीसाठी अख्ख्या रस्त्याची तार कापली ती पोस्टमनला वाचायला द्यायची म्हणजे काय. एका माणसाच्या हातात दिलं तर ते फुटणं नाही, पोचवणं आहे. असं मी स्वतःला समजावलंय.

एकच अडचण. तुमचा पत्ता अप्पांच्या डायरीतून घेतला. त्यात पेठ आहे, घर नंबर आहे, पिनकोड नाही. आईला विचारलं, अप्पांना विचारलं, कुणालाच माहीत नाही. पोस्टात म्हणाले पिनकोड नसेल तर चार दिवस जास्त धरा. चार दिवस जास्त म्हणजे पत्र पुढच्या सोमवारी पोचणार, आणि हेब्बाळची माणसं रविवारी पोहे खाऊन गेलेली असणार. तरी टाकतो. पुण्याचा पोस्टमन हुशार असेल अशी आशा आहे.

काका-काकूंना साष्टांग नमस्कार. चूकभूल पोटात घाला.

तुमचा,
यशोवर्धन (येशा)

ता. क. छत्रीचं राहू द्या. छत्री मी पावसाळाभर सांभाळतो. तुम्ही या. शनिवारपर्यंत. स्टेशनवरून घरी येऊ नका, सरळ जयनगरला दुकानात जा. डाव्या काडीचा स्क्रू ढिला करून आलात तरी चालेल, पण या वेळी त्याच्या पुढे एक शब्द बोला. एकच. तुम्ही अख्ख्या इलेक्ट्रॉनिक सिटीचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचात म्हणे, एक शब्द जमणार नाही?

ता. क. दुसरा. तुम्हाला वाटेल हा येशाचा नेहमीचा वात्रटपणा आहे. मागे तुमच्या ऑफिसच्या डब्यात मी टेनिस बॉल भरून दिला होता, ते तुमच्या लक्षात असणार. हे तसं नाही. आणि खरं सांगायचं तर मला पुण्याहून गाडी येताना वगैरे दिसली नाही. मला ताकात कधीच काही दिसलं नाही. मी ते तोंडाला आलं म्हणून बोललो. आता ते खोटं पडलं तर मी अक्काला तोंड कसं दाखवू, तेवढं बघा.

ता. क. तिसरा. हा मंगळवारी सकाळी लिहितोय, दुधाच्या वाफेवर पाकीट उघडून. झालं असं की काल पत्र लिहून पाकीट न चिकटवता फडताळावर ठेवलं होतं, तिकीट आणायचं होतं म्हणून. आज आंघोळ करून आलो तर पाकीट चिकटवलेलं, तिकीट लावलेलं, आणि तुमच्या पत्त्याखाली पिनकोड. पूर्ण. कुठे खाडाखोड नाही, कुठे बघून लिहिलेला नाही, डायरीत तर तो नाहीच. अक्षर अक्काचं. आत बघितलं तर एक ओळही खोडलेली नाही, फक्त जिथे स्क्रूचं लिहिलंय त्या पानावर ताकाच्या पेल्याचं गोल उमटलंय. पेला बराच वेळ तिथे ठेवलेला असावा.

आता हे पत्र गुरुवारी पोचेल. अण्णा, मी पाया पडतो, केबलचं कुणाला सांगू नका, गंगव्वाला ती सीरियल नव्हती हे सांगू नका, आणि शनिवारी दुकानात गेलात की तुम्हाला पिनकोड दिसला हे मुळीच सांगू नका. तिला वाटतंय की तिने काहीच सांगितलेलं नाही.